एडी कार्बोनची खोली

या नाटकातला गुन्हा टेलिफोनच्या बूथमध्ये घडतो. गोदीत माल उतरवणारा, चाळिशीचा एक माणूस आत शिरतो, इमिग्रेशन खात्याला फोन लावतो, आपल्याच घराचा पत्ता देतो, तिथं दोघं बेकायदा राहतात एवढं सांगतो आणि स्वतःचं नाव न देता फोन ठेवतो. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. पण त्या दोन-चार वाक्यांत त्यानं बायकोच्या माहेरची माणसं, पोटच्या लेकीसारखी वाढवलेली मुलगी, शेजारपाजार आणि स्वतःची अब्रू एका दमात घालवलेली असते. आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’चा हा नायक, एडी कार्बोन. हे नाटक भोसरीत व्हायला हवं, इथल्या नटांनी करायला हवं, आणि ते कसं करावं याचा विचार आधी व्हायला हवा. या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

मिलरला ही गोष्ट गोदीतूनच मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यानं ब्रुकलिनच्या नौदल गोदीत रात्रपाळीला फिटरचं काम केलं होतं, त्यामुळे कामगारांचं जगणं त्याला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. पुढे गोदी कामगारांसाठी झगडणारा वकील व्हिन्सेंट लाँगी याच्याशी त्याची मैत्री झाली. लाँगीनं त्याला एका गोदी कामगाराची हकीकत सांगितली. त्याच्या घरी दोन भाऊ, त्याचेच नातलग, इटलीहून चोरून येऊन राहिले होते. त्यातल्या एकाचं घरातल्या मुलीशी जमत होतं. ते मोडावं म्हणून त्या कामगारानंच दोघांना पकडून दिलं. नंतर तो माणूस वस्तीतून नाहीसा झाला, आणि त्या भावांपैकीच कुणी तरी त्याला संपवलं अशी कुजबुज राहिली.

मिलरनं यावर आधी एकांकी लिहिली. २९ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या कॉरोनेट थिएटरमध्ये, मार्टिन रिट यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा पहिला प्रयोग झाला. संवादांचा काही भाग पद्यात होता. लोकांनी ती थंडपणे घेतली. मग त्यानं ती नव्यानं लिहून दोन अंकी केली आणि ११ ऑक्टोबर १९५६ रोजी पीटर ब्रूक यांनी ती लंडनच्या कॉमेडी थिएटरमध्ये आणली. आज जगभर खेळलं जातं ते हे दोन अंकी नाटक.

रेड हूक ही न्यूयॉर्क बंदराच्या कडेची इटालियन वस्ती. एडी, त्याची बायको बिआट्रिस आणि बिआट्रिसची अनाथ भाची कॅथरीन एका लहानशा घरात राहतात. बिआट्रिसच्या माहेरच्या नात्यातले दोन भाऊ, मार्को आणि रोडोल्फो, बोटीवरून चोरून उतरतात आणि या घरी येतात. मार्कोची बायको आणि तीन मुलं सिसिलीत उपाशी आहेत, थोरल्या मुलाची छाती बिघडलेली आहे. तो पैसे पाठवायला आला आहे. रोडोल्फो तरुण, सोनेरी केसांचा, गाणारा, शिवणकाम-स्वयंपाक येणारा. त्याला अमेरिकेतच राहायचं आहे. कॅथरीन त्याच्या प्रेमात पडते आणि एडीला ते सोसत नाही. का सोसत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला हळूहळू कळतं, एकट्या एडीला ते स्वतःशीही कबूल करता येत नाही.

या भावांना चोरून का यावं लागलं, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. १९०१ ते १९१० या दहा वर्षांत वीस लाखांहून जास्त इटालियन माणसं अमेरिकेत उतरली होती. १९२४च्या कायद्यानं इटलीचा वाटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणला. १९५२च्या कायद्यातही तो ५,६४५ इतकाच होता. युद्धानं मोडलेल्या देशातून बाहेर पडायला दार एवढंसं, आणि पलीकडे गोदीत मजूर हवेच होते. या दोहोंच्या मधल्या फटीत दलाल शिरले. माणसाला बोटीवरून उतरवायचं, कामाला लावायचं आणि कर्ज फिटेपर्यंत त्याच्या मजुरीतून वसूल करायचं, असा तो धंदा. एडी सांगतो की देणं असेपर्यंत काम हमखास मिळेल, फिटल्यावर मात्र बाकीच्यांसारखं धडपडावं लागेल. बीड-धाराशिवकडच्या ज्या माणसानं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीचा हंगाम काढला आहे, त्याला हा संवाद समजावून सांगावा लागणार नाही.

भोसरी अशा माणसांची आहे. जुनं भोजापूर, भैरवनाथाचं गाव, कुस्ती आणि कबड्डीचं गाव. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काळात इथल्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका. गाववाल्यांनी उरलेल्या जागेवर खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांत लातूर, नांदेड, परभणी, बुलडाणा, जळगावपासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसं आली. यातलं कुणी क्वचितच एकटं, अनोळखी ठिकाणी उतरलं असेल. आधी कुणी तरी आलेलं असतं. चुलता, मेहुणा, गावातला वर्गमित्र. त्याच्या खोलीवर उतरायचं, त्यानं ठेकेदाराकडे शब्द टाकायचा, पहिला पगार होईस्तोवर त्याच्याच डब्यात जेवायचं. एकजण फर्स्ट शिफ्टला जातो तेव्हा त्याच्या अंथरुणावर नाईटवाला येऊन पडतो. कंपनीचं गेट, पीएफ, हजेरी यांच्याआधी इथं नात्याचा कायदा लागू होतो: गावाकडचं माणूस आलं तर त्याला दार उघडायचं.

मिलरचं नाटक याच कायद्यावर उभं आहे. पहिल्याच प्रवेशात एडी आणि बिआट्रिस कॅथरीनला व्हिनी बोल्झानो नावाच्या पोराची गोष्ट सांगतात. त्या पोरानं घरात लपलेल्या स्वतःच्या काकाची खबर सरकारला दिली. बापानं आणि भावांनी त्याला जिन्यावरून फरफटत खाली आणलं, तेच भर रस्त्यात त्याच्यावर थुंकले, पुन्हा तो कुणाला दिसला नाही. ही गोष्ट एडीच सांगायला लावतो, मुलीला ताकीद म्हणून. दुसऱ्या अंकात तोच एडी फोन लावतो तेव्हा शिक्षा काय आहे, हे प्रेक्षकाला आणि त्याला दोघांना आधीच ठाऊक असतं.

मराठी रंगभूमीला स्थलांतर नवं नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त (१९७३) मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला आणि मागे म्हातारे आईबाप. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) मुंबईला गेलेला सुधीर वडील वारल्यावर गावी येतो आणि वाड्याच्या भिंतींबरोबर भावांचं नातंही खचत जातं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरचं एक घर, ज्यातली पोरं चार दिशांना फुटतात. अण्णाभाऊ साठे १९३१च्या सुमारास वाटेगावाहून चालत मुंबईला आले आणि पुढे त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. बायकोला मागे ठेवून मजुरीला आलेल्या माणसाचं दुःख तिच्यात आहे. सिसिलीत बायको ठेवून आलेला मार्को तिचा अर्थ पहिल्या फटक्यात समजला असता.

ही सगळी मोठी कामं आहेत. तरी त्यात एक जागा मोकळी राहिलेली दिसते. आपल्या नाटकांनी स्थलांतर पाहिलं ते प्रामुख्यानं मागे राहिलेल्यांच्या किंवा निघून गेलेल्यांच्या बाजूनं. ज्याच्या खोलीवर पाहुणे उतरतात, जो आपलं अंथरूण देतो, त्या यजमानाच्या पोटात काय चालतं, हे आपण फारसं दाखवलं नाही. त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलतो, त्याच्या हिशेबाबद्दल बोलत नाही. मी दिलं, मी लावलं, मी पोसलं, आणि आता हा माझ्याच घरात मला न विचारता हसतो-गातो. एडीच्या मनात आधी हा हिशेब शिरतो आणि मुलीवरचा त्याचा न सांगता येणारा हक्क त्या हिशेबाआड लपतो. भोसरीच्या प्रेक्षकाला हे नाटक द्यायचं ते यासाठी.

आता मुख्य प्रश्न. रूपांतर करावं की भाषांतर? पहिला मोह रूपांतराचा होतो. एडीचा ईश्वर करायचा, रेड हूकची भोसरीतली लांडेवाडी करायची, गोदीच्या जागी प्रेसशॉप. पहिल्या अंकाची पंधरा पानं हे झकास जमेल. मग गाडी अडेल, आणि ती दोन ठिकाणी अडेल.

पहिली जागा कायद्याची. लातूरहून भोसरीला यायला परवाना लागत नाही. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदानं प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठंही राहण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे एडीच्या एका फोननं माणसं हद्दपार होतात, हा नाटकाचा कणाच नाहीसा होतो. त्याऐवजी काय आणणार? पोलिसांत चोरीची खोटी तक्रार? ठेकेदाराकडे चुगली? त्यानं काम जाईल, फार तर चार दिवस कोठडी होईल; मार्कोची मुलं त्यानं मरणार नाहीत. कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी मजुरांना या पट्ट्यात पोलीस पकडतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि कुणी धाडसी लेखक त्या दिशेनंही जाईल. ते एक स्वतंत्र, महत्त्वाचं नाटक होईल. पण मग प्रेक्षागृहात बसलेला माणूस एडीचं घर विसरून सीमेच्या राजकारणात बाजू घेऊन बसेल, आणि मिलरनं ज्या कुटुंबावर दिवा धरला आहे ते अंधारात जाईल.

दुसरी जागा नात्याची आहे आणि ती इंग्रजी वाचताना चटकन लक्षात येत नाही. मार्को-रोडोल्फो हे बिआट्रिसचे नात्यातले भाऊ, आणि कॅथरीन तिच्या बहिणीची मुलगी. आपल्या हिशेबानं रोडोल्फो कॅथरीनचा मामा लागतो! पात्रांना मराठी नावं दिली की पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षागृहातल्या आज्या हे नातं लावून मोकळ्या होतील. काही म्हणतील, शिव शिव, मामा-भाचीचं लग्न. सोलापूर-कर्नाटकच्या सीमेकडच्या, ज्यांच्यात असं लग्न चालतं त्या म्हणतील, घरातलंच स्थळ आहे, एडी उगाच का भांडतोय? दोन्ही बाजूंनी एडीच्या तगमगीवरचं लक्ष उडालं. लेखकाच्या मनात नसलेली भानगड केवळ नावं बदलल्यानं नाटकात शिरते.

म्हणून मत स्पष्ट आहे: नावं राहू द्या, रेड हूक राहू द्या, डॉलर आणि इमिग्रेशन खातंही राहू द्या. बोलणं मात्र अस्सल इथलं असू द्या. परका नायक मराठी प्रेक्षकाला जड जातो, ही भीती फार जुनी आहे आणि तिच्यात फारसं तथ्य नाही. विजय तेंडुलकरांनी टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चं ‘वासनाचक्र’ केलं त्याला साठ वर्षं होत आली. त्या नाटकातला स्टॅन्ली कोवाल्स्कीही पोलंडहून आलेल्या घरातलाच आहे. शेक्सपिअरपासून ब्रेख्टपर्यंत काय काय आपण पचवलं आहे.

बोलीचा मात्र नीट विचार हवा, कारण इथंच हा प्रयोग जिंकेल किंवा पडेल. मूळ नाटकात एडीची इंग्रजी ब्रुकलिनच्या रस्त्यावरची, घासलेली. नुकत्याच उतरलेल्या भावांची वेगळी, जपून टाकलेली. वकील अल्फिएरीची शिकलेल्या माणसाची. मराठीत सगळ्यांना एकाच प्रमाण भाषेत बसवलं तर कोण कधी आलं हे ऐकू येणार नाही. भोसरीच्या नाट्यसंस्थांकडे यावर उपाय घरचाच आहे. मार्को नांदेड-परभणीकडच्या नटाला द्यावा आणि त्याला त्याच्या आईच्या बोलीत बोलू द्यावं. एडीची भाषा पंधरा-वीस वर्षं शहरात मुरलेल्या कामगाराची, ज्याच्या तोंडी निम्मे शब्द शॉप फ्लोअरचे आहेत पण राग आला की गाव बाहेर येतं. कॅथरीन इथंच शिकलेली, टापटीप. नावं इटालियन आणि बोली मराठवाड्याची, हे पहिले दोन प्रवेश कानाला खटकेल. तिसऱ्यापासून खटकणार नाही.

परक्या नाटकात आपल्या माणसांसारखंच वागायचं, हे चीनमध्ये होऊन गेलं आहे. १९८३मध्ये मिलर स्वतः बीजिंगला गेला आणि तिथल्या पीपल्स आर्ट थिएटरमध्ये त्यानं आपलं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ चिनी नटांकडून बसवून घेतलं. भाषांतर यिंग रुओचेंग यांचं, नायक विली लोमनची भूमिकाही त्यांचीच. गोऱ्या माणसांची सोंगं वठवण्यासाठी सोनेरी टोप घालायची तिकडची रीत होती. मिलरनं ती बंद केली. नटांनी अमेरिकन दिसायचा प्रयत्न सोडावा आणि चिनी माणूस म्हणूनच वागावं, असा त्याचा आग्रह होता. सांस्कृतिक क्रांतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, फिरता विक्रेता म्हणजे काय हेही धड ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनी बाप आणि मुलाचं भांडण ओळखलं. मिलरनं या अनुभवावर ‘सेल्समन इन बीजिंग’ हे पुस्तक लिहिलं. परभाषेतलं नाटक बसवू पाहणाऱ्या दिग्दर्शकानं ते जरूर मिळवून वाचावं.

प्रयोगाच्या तपशिलात शिरायचं तर सुरुवात शेजाऱ्यांपासून करावी लागेल. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगात पगाराच्या हिशेबामुळे शेजारी म्हणून मोजकेच नट उभे करता आले होते. लंडनमध्ये नटांचे दर कमी असल्यानं ब्रूकला रस्ता माणसांनी भरता आला. जिने, गॅलऱ्या, दारं, सगळीकडे वस्ती नांदताना दिसू लागली. मिलरनं नंतर लिहिलं की या गर्दीमुळे एडी समजण्याजोगा झाला, कारण त्याचं मन त्याच्या वस्तीपासून वेगळं काढून समजतच नाही. व्यावसायिक रंगभूमीला आजही हीच अडचण आहे; चार-पाच पात्रांपलीकडचं नाटक निर्मात्याला परवडत नाही. हौशी संस्थेला ती अडचण नाही. पंचवीस माणसं हवी असतील तर भोसरीत पंचवीस मिळतील, आणि त्यांना कामगार वस्तीतल्या बाया-माणसांचा अभिनय शिकवावा लागणार नाही. अटकेच्या प्रवेशात ही गर्दी हवीच. एडीनं दोघांसाठी फोन केला, पण वरच्या मजल्यावर आणखी दोघं नव्यानं आणून ठेवलेले असतात, खाटीक लिपारीच्या नात्यातले. तेही पकडले जातात. मार्को एडीच्या तोंडावर थुंकतो, गल्लीत सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवून आरोप करतो, आणि लिपारी पाठ फिरवून निघून जातो. मग एकेक माणूस पाठ फिरवतो. चार शेजाऱ्यांनी पाठ फिरवली तर तो प्रसंग होतो. पंचवीस जणांनी फिरवली तर तो निकाल होतो.

दुसरी गोष्ट खुर्ची. पहिल्या अंकाचा शेवट साऱ्या नाटकात सर्वांत अचूक लिहिलेला आहे. कॅथरीन रेकॉर्ड लावून रोडोल्फोबरोबर नाचते. एडी हसत हसत रोडोल्फोला बॉक्सिंग शिकवायला घेतो आणि शिकवता शिकवता एक ठोसा जरा जोरात मारतो. कुणी काही बोलत नाही. मग मार्को एक खुर्ची मधे आणून ठेवतो, एक गुडघा टेकतो, एका पायाच्या अगदी खालच्या टोकाला हात घालतो आणि एडीला विचारतो, इथं धरून उचलता येईल का? एडी प्रयत्न करतो, खुर्ची कलते, उचलली जात नाही. मार्को ती सावकाश वर, डोक्याच्याही वर नेतो आणि एडीच्या समोर धरून उभा राहतो. धमकीचा एक शब्द उच्चारलेला नसतो. या प्रवेशाला जुन्या घाटाची लाकडी, वजनदार खुर्ची पाहिजे. मांडववाल्याकडची प्लास्टिकची खुर्ची आणली तर सगळं मुसळ केरात. आणि मार्कोच्या नटानं ती खरोखर उचलायला हवी, महिनाभर मनगट कमवून. ज्या गावानं तालमी पाहिल्या आहेत तिथला प्रेक्षक खोटा जोर लगेच ओळखतो.

चुंबनाचा प्रवेश टाळता येणार नाही. नाताळच्या दोन दिवस आधी एडी दारू पिऊन घरी येतो, कॅथरीन आणि रोडोल्फो एकत्र सापडतात. तो कॅथरीनचं बळजबरीनं चुंबन घेतो आणि रोडोल्फो अंगावर आल्यावर त्याचे हात जखडून त्याचंही. पुरुषानं पुरुषाचं चुंबन घेतलं म्हणून ब्रिटनच्या लॉर्ड चेंबरलेननं १९५६मध्ये नाटकाला सार्वजनिक परवाना नाकारला. तेव्हा कॉमेडी थिएटरचं क्लबमध्ये रूपांतर करून, सभासदांपुरते म्हणून प्रयोग केले गेले. आपल्याकडे १९७२मध्ये ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना परिनिरीक्षण मंडळाशी उच्च न्यायालयात भांडावं लागलं होतं. आज अडचण मंडळापेक्षा शिट्ट्यांची आहे. हा प्रवेश कापू नये आणि सूचक अंधारही करू नये. ही मारहाण आहे, ती तशीच दिसली पाहिजे: दोन्ही वेळा एडीच्या चेहऱ्यावर द्वेष आणि भीती, समोरच्याच्या अंगात धडपड. नट लाजले तर प्रेक्षक हसेल. नट घाबरले नाहीत तर प्रेक्षक हसणार नाही. तालमीत मात्र दिग्दर्शकानं कॅथरीनच्या नटीची पूर्ण संमती घेऊन, प्रत्येक हालचाल मोजून बसवावी. हौशी संस्थांत या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं आणि ते अक्षम्य आहे.

अल्फिएरी हा वकील आणि निवेदक. त्याला पाहताच मराठी दिग्दर्शकाला सूत्रधार आठवतो, आणि ढोलकी-झांजा आणायची इच्छा होते. आवरावी. सूत्रधाराच्या हाती खेळ असतो. अल्फिएरीच्या हाती काहीच नसतं. एडी त्याच्याकडे कायदा विचारायला येतो, आणि परवानगीशिवाय आलेला माणूस पकडून देणं एवढाच कायदा तुझ्या बाजूनं आहे, हे त्याला सांगावं लागतं. पुढे काय होणार हे त्याला दिसतं. तो थांबवू शकत नाही. खुर्चीत बसलेला, फायलींमागचा एक दमलेला माणूस पुरेसा आहे.

कॅथरीनकडे मात्र आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, नाही तर ती दोन पुरुषांमधली वस्तू होऊन बसते. ती सतरा वर्षांची आहे, स्टेनोग्राफी शिकते आहे आणि प्लंबिंग कंपनीत आठवड्याला पन्नास डॉलरची नोकरी तिला चालून आली आहे. एडीला तो रस्ता, तिथले पुरुष, तिच्या चपलांची टाच, सगळंच नको आहे. एमआयडीसीतल्या ऑफिसात पहिल्यांदा कामाला निघालेल्या मुलीच्या घरी हे बोलणं आजही होतं: कंपनीची बस आहे का, सुटायला किती वाजतात, बरोबर कोण आहे. प्रेम आणि पहारा यांतला फरक इथं कळत नाही. मिलरनंही तो पहिल्या अंकात कळू दिलेला नाही.

नेपथ्याच्या दोन टोकांची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. ब्रूकचा प्रयोग वस्ती उभी करणारा. २०१४मध्ये लंडनच्या यंग व्हिकमध्ये इव्हो व्हॅन होव्हे यांनी सगळं काढून टाकलं: रिकामी चौकट, अनवाणी नट, एडीच्या भूमिकेत मार्क स्ट्राँग, आणि शेवटी सगळ्यांवर कोसळणारा रक्ताचा पाऊस. तो प्रयोग गाजला, त्याची नक्कल जगभर झाली. भोसरीत ती करू नये. रिकामा रंगमंच हा ज्यांच्या घरात जागा आहे त्यांना भावणारा साज आहे. इथं दहा बाय बाराची खोली दिसली पाहिजे, तिच्यात पाच माणसं झोपलेली दिसली पाहिजेत, आणि एडीला कपडे बदलायलाही आडोसा नाही हे दिसलं पाहिजे. निम्मं नाटक त्या अडचणीतून घडतं.

या नाटकामागचं राजकारण किती सांगायचं? दिग्दर्शक एलिया कझाननं १० एप्रिल १९५२ रोजी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जुन्या साथीदारांची नावं दिली, आणि त्याची व मिलरची मैत्री तुटली. १९५४मध्ये कझानचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आला, ज्यात गोदीतल्या गुंडांविरुद्ध साक्ष देणारा नायक आहे. पुढच्याच वर्षी मिलरनं खबर देणाऱ्याची शोकांतिका लिहिली. २१ जून १९५६ रोजी तो स्वतः त्या समितीपुढे उभा राहिला, दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला, दोषी ठरला आणि १९५८मध्ये अपिलात सुटला. हे कार्यक्रमपत्रिकेत छापावं, रंगमंचावर आणू नये. एडी कुणाचं प्रतीक झाला की त्याची दया येत नाही, आणि दया आली नाही तर नाटक उरत नाही.

त्याहून जवळची बातमी अलीकडची आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे, तिघं महाराष्ट्रातले. कर्ज काढून, दलालांना पैसे मोजून गेलेली ती माणसं होती. मार्को आज मराठी बोलू शकतो, तो असा.

भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. शहरात चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, सांगवीला निळू फुले रंगमंदिर आहे. जानेवारी २०२४मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच शहरात झालं, अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल. राज्य नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत. जागा आहे, स्पर्धा आहेत, माणसं आहेत.

राहिला प्रश्न हक्कांचा, आणि इथं संस्थांना कळकळीची विनंती आहे. मिलर १० फेब्रुवारी २००५ रोजी वारला. भारतीय कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६५ अखेरपर्यंत हे नाटक कुणालाही फुकट करता येणार नाही. भाषांतरालाही परवानगी लागते आणि प्रयोगालाही. आधी तालीम आणि मग पत्र, ही आपली सवय इथं चालणार नाही. तेव्हा ज्या संस्थेला हे करायचं आहे तिनं पहिल्या वाचनाआधी हक्कधारकांना लिहावं, भाषांतर कोण करणार ते कळवावं, उत्तराला चार-सहा महिने द्यावेत, आणि तोवर मार्कोच्या नटाला खुर्ची उचलायला लावावी.